सहा पाट आणि एक सही

दत्तूमामा, आज बारावीच्या दुसऱ्या बॅचला मी सेलचा व्होल्टेज मोजून दाखवला. नवा डिजिटल मीटर, लाल वायर इकडे, काळी तिकडे, आकडा आला एक पॉइंट पाच सहा. चार सेकंदांत प्रॅक्टिकल संपलं. पोरांनी आकडा उतरवून घेतला आणि माझ्या तोंडाकडे बघत बसली. दीड तासाचं प्रॅक्टिकल, त्यातला जवळजवळ सगळा वेळ शिल्लक. काय करायचं मला सुचेना. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, मामा असते तर आत्ता कुठे वायरींची टोकं घासत बसलो असतो." मी पुन्हा हजेरी घेतली. एकदा घेतलेली हजेरी परत घेणारी बाई पोरांना वेडीच वाटली असणार.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. कॉलेजच्या कागदोपत्री तुम्ही लॅबचे शिपाई आणि मी फिजिक्सची मॅडम, विभागप्रमुख वगैरे. खरी लॅब कुणाची होती ते पोरांनाही ठाऊक होतं. काही विचारायचं असलं की ती माझ्याकडे बघत प्रश्न विचारायची आणि उत्तरासाठी मान तुमच्याकडे वळवायची.

तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहून गेली, मामा. ती आधीच सांगून टाकते, नाहीतर इकडचं तिकडचं बोलत मी ती पुन्हा पुढे ढकलेन. सवय आहे मला. तुमचे सहा पाट भंगारात गेले, तो कागद कुणी सही करून दिला हे तुम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. ती सही माझी होती.

झालं. लिहिलं. चार महिने तुम्ही रोज माझ्यासमोर उभे होतात तेव्हा हेच एवढं वाक्य तोंडातून निघत नव्हतं. आता कागदावर लिहायला काय लागतंय?

'पाट' हा शब्द तुमचाच. पुस्तकात त्याला पोटेन्शिओमीटर म्हणतात, बोर्डाच्या पुस्तकात विभवमापी असंही लिहितात, पण पिढ्यान् पिढ्या आपल्या कॉलेजची पोरं त्याला पाटच म्हणत आली. मीटरभर लांब सागवानी फळी, तिच्यावर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चार फेऱ्या मारलेली बारीक तार, कडेला पट्टी. बॅटरीनं त्या तारेतून करंट सोडायचा. मोजायचा तो सेल समोरून जोडायचा. मग जॉकी नावाची ती धारेची पट्टी तारेवर टेकवत टेकवत पुढे जायचं, आणि एका जागी गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर थांबतो. तिथं तारेचा जोर आणि सेलचा जोर सारखा झालेला असतो. तारेची तेवढी लांबी मोजली की सेलची ताकद कळते, आणि त्या क्षणी सेलमधून कणभरही करंट घेतलेला नसतो. आतापर्यंत शेकडो पोरांना मी हे सांगितलं असेल. मला स्वतःला ते तुमच्यामुळे कळलं, हे मात्र त्यातल्या कुणालाही कधी सांगितलं नाही.

आठवतंय ना पहिलं वर्ष? परभणीहून लग्न करून मी दिघीला आले, नवरा चाकणला कंपनीत शिफ्ट करायचा, आणि मला इथे तासिका तत्त्वावर नोकरी लागली. एम.एस्सी. फर्स्ट क्लास होते. पोटेन्शिओमीटरची थिअरी झोपेतून उठवून विचारली असती तरी घडाघडा सांगितली असती. पण हातानं तो एकदाही जोडला नव्हता. आमच्या कॉलेजात एकच बोर्ड होता आणि तो कुलपात असायचा. प्रॅक्टिकलचे आकडे आम्ही वरच्या वर्गाच्या जर्नलमधून उतरवायचो. असं शिकून मी शिकवायला आले होते.

पहिल्याच प्रॅक्टिकलला सगळ्या वर्गासमोर मी जोडणी केली. जॉकी तारेच्या या टोकाला टेकवली, काटा उजवीकडे. त्या टोकाला टेकवली, तरी उजवीकडेच. मध्ये टेकवली, पुन्हा उजवीकडे. वायरी हलवून बघितल्या, करंट चालू-बंद करायची चावी दाबून बघितली. कानामागून घाम ओघळायला लागला आणि मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. तेवढ्यात तुम्ही सेलसाठी लागणाऱ्या नवसागराच्या बरण्यांचा ट्रे घेऊन आलात. पाटावर एकच नजर टाकलीत आणि वर्गाकडे वळून मोठ्यानं म्हणालात, "मॅडमनी मुद्दाम उलटं जोडलंय. बगू, कुनाला घावतंय."

वर्ग उठून पाटाभोवती जमा झाला. तिसऱ्या बाकावरच्या पोराला सापडलं, सेल उलटा जोडलेला होता. त्यानं फिरवून लावला, काटा शून्य ओलांडून पलीकडे गेला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तो महिनाभर वर्गात हुशार मुलगा म्हणून मिरवला आणि मी कडक पण कल्पक मॅडम म्हणून. वर्ग सुटल्यावर मी तुमच्याकडे आले. आभार मानायचे होते. तोंडातून काय निघालं? "मला येत होतं हं ते." तुम्ही म्हणालात, "व्हय की." आणि कपबशी पुढे केलीत. चहा संपल्यावर दुसरीकडेच बघत म्हणालात, "शनवारी थांबता का वाईच? पोरं नसत्यात."

मामा, ते शनिवार. किती शनिवार थांबले असेन मी? दोन वर्षं तरी. तुम्ही दहावी झालेले, भोसरीतलं वर्कशॉप बंद पडल्यावर इथे लागलेले, आणि मी एम.एस्सी. स्टुलावर बसून तुमच्याकडून सेल जोडायला शिकत होते. सगळ्या अधिकाचं तोंड एकाच देवाकडं, हा तुमचा पहिला नियम. म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक ज्या स्क्रूला, सेलचंही त्याच स्क्रूला. दुसरा नियम जॉकीचा. "टेकवा. घासू नगा. वरनावर तूप सोडतो तशी सोडायची. घासलं की तार झिजती, आन झिजली तार खोटं बोलती." तिसरा चावीचा. आकडा मिळाला की लगेच चावी काढायची, कारण तार तापते आणि शून्य जागचं सरकतं. एकदा मी चावी तशीच ठेवून बोलत बसले तर तुम्ही माझ्या हातावर पट्टी मारलीत. हलकीच. मग तुम्हालाच इतकं ओशाळल्यासारखं झालं की उरलेला तासभर मला तुम्ही 'मॅडम मॅडम' म्हणत राहिलात, एका वाक्यात तीनदा.

त्या शनिवारांबद्दल तुम्ही कुणालाही काही सांगितलं नाहीत. स्टाफरूममध्ये एक गोष्ट पाच मिनिटं गुपित राहत नाही, पण ही राहिली. मी पर्मनंट झाले, विभागप्रमुख झाले, बाहेरच्या कॉलेजांत परीक्षक म्हणून जायला लागले. तिथे एखादी नवी मुलगी घामाघूम होऊन काट्याकडे बघत उभी दिसली की मला माझा चेहरा दिसायचा. अशा वेळी काय करायचं ते तुम्ही दाखवून ठेवलं होतं. मी दर वेळी तसं केलं असं मात्र नाही. दोन-तीनदा करवादलेसुद्धा.

पाट मूळचे कॉलेजनं विकत घेतलेले होते, पण फळ्या वाकल्या, तारा गंजल्या, आणि एकेक करून तुम्ही सगळं बदललंत. सागवान तुम्ही ओतकामाचे लाकडी साचे बनवणाऱ्या कुठल्याशा पॅटर्न शॉपमधून मिळवलंत. तार ताणायची आणि बोटानं छेडून फळीला कान लावायचा, चारी फेऱ्यांचा आवाज सारखा येईपर्यंत. शेवटी मूळच्या पाटातले फक्त पितळी स्क्रू उरले होते. मी चिडवायचे, "मामा, आता तुम्ही सतारीचा कारखाना काढा." तुम्ही म्हणायचात, "काढला आस्ता, पर मंग तुमची जोडनी कोन तपासनार?"

आणि तुमचा तो खट्याळपणा. प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी तुम्ही एकेका पाटाच्या ऱ्हिओस्टॅटची सरकपट्टी बोटभर इकडे, बोटभर तिकडे करायचात. तारेतला करंट बदलायचा आणि काटा थांबण्याची जागाही. गेल्या वर्षीच्या जर्नलमधून आकडे उतरवणारं पोर तिथेच सापडायचं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही विचारायचात, "भावा, तुजा काटा गेल्या साली थांबला व्हता का?" ते पोर लाजेनं लाल. मीही मनातल्या मनात लाल, कारण आमच्या कॉलेजात तुमच्यासारखे मामा असते तर मला पदवी मिळाली नसती.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आहे. तुम्ही म्हणायचात, व्होल्टमीटर मापत नाही, आधी खातो आणि मग सांगतो. "दूध किती हाय ते सांगाया आला आन आदी पेलाभर पिऊन बसला. मंग बाकीचं मापून देनार. आपला पाट बगा, थेंब घेत न्हाई." जुन्या व्होल्टमीटरबद्दल ते खरंच होतं. तो सेलमधून थोडा करंट ओढतो, तेवढं माप कमी दाखवतो. पण मी म्हणायचे, मामा, नवे डिजिटल मीटर जवळजवळ काहीच घेत नाहीत. "जवळजवळ म्हंजी? घेत्यात का न्हाई?" घेतात, पण ते धरण्यासारखं नसतं. "घेत्यात ना? मंग झालं. शून्य म्हंजी शून्य." कितीतरी वर्षं हे चाललं. मी पुस्तकं काढून आणायचे, तुम्ही पुस्तकाकडे बघायचातसुद्धा नाही.

मला उत्तर परवा सुचलं. तुमचं शून्य तरी खरं शून्य कशावरून? काटा हलत नाही, एवढंच आपल्याला दिसतं. काटा हलवण्याइतकं नसेल, पण चिमूटभर तुमचा पाटसुद्धा घेत असेलच की! स्वयंपाकघरात उभी होते, हातात सांडशी, आणि मी मोठ्यानं म्हणाले, "आता बोला!" नवरा बाहेरून विचारतो, कुणाशी बोलतेस? तुमच्याकडे यावर काहीतरी उत्तर असणारच, मामा. पुस्तकात नसलेलं, गायीम्हशींचं, पण असणारच. मला ते हवं होतं. हरले असते तरी चाललं असतं.

बरं, आता ती सही.

जुलैमध्ये तुम्ही पुतणीच्या लग्नासाठी चार दिवस रजेवर गेलात. दुसऱ्याच दिवशी ऑफिसातून मला बोलावणं आलं. वीस डिजिटल मीटर मंजूर झाले होते. मी तीन वर्षं मागत होते, नाही म्हणायचं कारण नव्हतं. पण लॅबचा मागचा अर्धा भाग प्रवेश परीक्षांच्या क्लाससाठी घ्यायचा होता, तेव्हा जुनं सामान निकाली काढा असं सांगितलं गेलं. डेड स्टॉक रजिस्टर पुढे आलं. त्यात आधीच लिहून ठेवलं होतं: पोटेन्शिओमीटर, लाकडी, नग सहा, नादुरुस्त.

नादुरुस्त. आदल्याच आठवड्यात तुम्ही सहाही पाट पुसून, तारा छेडून ठेवले होते. मी ते बघितलं होतं. तास सुरू व्हायची घंटा झाली होती, रजिस्टर भिंतीला टेकवलं, पेन मागितलं, सही केली. दहा सेकंदसुद्धा लागले नाहीत. कुणी धमकावलं नव्हतं की दम दिला नव्हता. मी एवढं जरी म्हणाले असते की एक पाट राहू द्या, तरी कुणी नाही म्हटलं नसतं. ते मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. आणि मनात कुठेतरी, खोटं कशाला बोलू, एक बारीकसं समाधानही होतं की चला, आपल्या भांडणाचा निकाल लागला. माझे मीटर जिंकले.

तुम्ही परत आलात की समजावून सांगायचं असं ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा तयार केली होती. पण भंगारवाल्याचा टेम्पो तुमच्या एक दिवस आधी आला.

तुम्ही आलात ते लग्नाच्या लाडवांचा डबा घेऊन. रिकाम्या फडताळासमोर थांबलात. मग खाली वाकून बाकाखाली बघितलंत, जणू पाट तिथे जाऊन बसले असतील.

"मॅडम, पाट कुटं गेलं?"

"भंगारात."

"कुनी धाडलं?"

"वरून आलं," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, आणि तुमच्या डोळ्यांत माझ्याविषयी कळवळा होता. "तुमी भांडला आसाल," तुम्ही म्हणालात. "जाऊ द्या. तुमी तरी काय करनार?" आणि लाडवांचा डबा माझ्या हातात दिलात. मी तो घेतला.

तिथेच बोलायचं होतं. तो क्षण गेला आणि पुढचा प्रत्येक दिवस आधीच्या दिवसापेक्षा अवघड होत गेला. पुढचे दोन रविवार तुम्ही कुदळवाडीची भंगाराची दुकानं पालथी घातलीत. सोमवारी येऊन सांगितलंत की तांबं-पितळ निराळं केलं, लाकूड जळणात गेलं. असं सांगितलंत जसं आपल्या दोघांचंच काहीतरी गेलं आहे. मी मान हलवली.

त्याहून वाईट म्हणजे तुम्ही कॉलेजभर माझी कीर्ती सांगत सुटलात. आमच्या मॅडम भांडल्या. आमच्या मॅडमनी लय सांगितलं, पर ऐकत्यात कोन? कॅन्टीनवाला मला एकदा म्हणाला, "मॅडम, तुमच्यासारखं कुणी उभं राहत नाही हो." मी समोसा अर्धा टाकून उठले. मी लॅबमध्ये यायचं टाळायला लागले. तुमच्याशी बोलताना उगीच चिडायचे. एकदा तुम्ही म्हणालात, एक अर्ज लिहून द्या, निदान एक पाट नवा करायची परवानगी मागू, सागवान मी आणतो. मी उद्या म्हणाले. मग पुन्हा उद्या. तिसऱ्यांदा विचारलंत तेव्हा मी पोरांसमोर खेकसले, "मामा, झालं ना आता? सोडा तो विषय!"

तुम्ही सोडलात. आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी. मॅडमच्या मनाला लागलंय, असं तुम्ही ऑफिसात सांगत होता म्हणे. माझ्या मनाला लागू नये म्हणून तुम्ही पाटांचं नाव काढणं बंद केलंत. त्या शेंगा मी घरी नेऊन शेजारणीला देऊन टाकल्या. माझ्यानं खाववेनात.

मी पर्मनंट होईपर्यंत तुम्ही माझं अज्ञान झाकून ठेवलंत. पहिल्याच दिवशी माझ्यासाठी सगळ्या वर्गासमोर खोटं बोललात, आणि त्या खोट्यावर मी उभी राहिले. माझी वेळ आली तेव्हा मी पण खोटंच बोलले, पण स्वतःसाठी. हे मी स्वतःला कितीदा सांगितलंय तुम्ही गेल्यापासून. सांगून काही कमी होत नाही.

दहाव्याला तुमच्या निघोज्याच्या घाटावर आले होते. अख्खं गाव आलं होतं, मामा, तुम्ही बघितलं असतं तर लाजून पळाला असता. कावळा लगेच शिवला. शेजारी उभे असलेले म्हातारबाबा म्हणाले, "सुटला बगा. कायसुदिक विच्छा ऱ्हायली न्हाई मानसाची." मला वाटलं, माहीतच नसेल तर इच्छा तरी कशी राहणार?

मग तुमच्याकडच्या पद्धतीप्रमाणे माईक आला. सरपंच बोलले, पतसंस्थेचे कुणीतरी बोलले, आणि माईकवाल्यानं पुकारलं, "आता मामांच्या कॉलेजच्या मॅडम दोन शब्द बोलतील. मामांच्या पाटांसाठी साऱ्या मॅनेजमेंटला भिडलेल्या मॅडम!" गावापर्यंत पोचवली होतीत तुम्ही माझी कीर्ती. पाचशे माणसं माझ्याकडे कौतुकानं बघत होती. मी माईक धरला. म्हणाले, "मामांनी मला शिकवलं." पुढचं वाक्य जिभेवर होतं. ते आलं नाही. लोकांना वाटलं, मॅडमना रडू आवरेना. रडूही येत होतं, पण मी थांबले ते त्यामुळे नाही. कुणीतरी माईक हळूच माझ्या हातातून काढून घेतला.

तिथून मी तुमच्या घरी गेले. आता मामींना तरी सांगायचंच, असं ठरवून. वरच्या खोल्यांतली भाडेकरू पोरं कंपनीतून येऊन जिन्यात चपला काढत होती. मामी पडवीत भिंतीला टेकून बसल्या होत्या, हातात पाण्याचं भांडं. त्यांनी मला जवळ बसवून घेतलं.

"लय नाव काढायचे तुमचं," मामी म्हणाल्या. "म्हनायचे, पाट वाचलं न्हाईत, पर मॅडम माज्यासाटी हुब्या ऱ्हायल्या."

"मामी, त्या कागदावरची सही माझी होती."

त्यांना आधी कळलंच नाही. "कंच्या कागदावर?"

"पाट भंगारात काढायच्या. मीच सही केली. मामांना खोटं सांगितलं."

त्यांनी भांडं खाली ठेवलं. "त्यांस्नी ठावं व्हतं?"

"नाही."

"कदी सांगनार व्हता?"

"उद्या, उद्या करत राहिले."

रस्त्यावरून कंटेनर गेले, एकामागून एक. मग त्या समोर बघत म्हणाल्या, "त्या सही करनाऱ्याला मी रोज शिव्या घालायची, बाई. भाकरी थापता थापता. ह्ये मला गप करायचे. म्हनायचे, आगं, त्याचीबी काय आडचन आसंल. त्योबी पोराबाळाचाच मानूस. सोड त्याला, म्या तर कवाच सोडला."

मला एकदम हुंदका फुटला. वाटलं, सुटले मी. मामींचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "म्हणजे मामांनी माफ केलं होतं!"

मामींनी हात सोडवून घेतला. झिडकारून नाही, हळूच. "त्याला केलं, मॅडम," त्या म्हणाल्या. "तुमाला न्हाई. तुमचं तर त्यांस्नी कायच ठावं नव्हतं."

त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यायले आणि घरी आले.

मामींचं खरं आहे. मी दोन दिवस उलटसुलट विचार करून बघितला, त्यांचंच खरं आहे. तुम्ही ज्याला सोडलंत तो कुणीतरी तिऱ्हाईत होता. माझा हिशेब तुमच्यासमोर आलाच नाही, मी येऊच दिला नाही. सांगितलं असतं तर काय केलं असतंत तुम्ही? शिव्या तुमच्या तोंडात नव्हत्या. मला नजरेनं टाळलं असतंत. बरण्यांचा ट्रे टेबलावर जरा जोरात आदळला असतात. महिनाभर माझ्याशी बोलला नसतात, फार तर दोन महिने, आणि मग एखाद्या शनिवारी दुसरीकडेच बघत कपबशी पुढे केली असतीत. तेवढंच झालं असतं.

तेवढ्या अबोल्याला भ्याले हो मी, मामा.